आर्डुइनो नॅनो: पंप सुरू झाला की बोर्ड रीसेट होतो, सेन्सरचे आकडेही हलतात

कुंडीतलं_रोप:
कुंडीला आपोआप पाणी घालायचा प्रोजेक्ट आहे. एलईडी, बटण, एलसीडी जमलंय, मोटर पहिल्यांदाच. नॅनो लॅपटॉपच्या यूएसबीवर. ए० पिनला दोन दात्यांचा माती-ओलावा सेन्सर. डी३ पिनवरून १ किलोओहमच्या रेझिस्टरने बीसी५४७ ट्रान्झिस्टर, त्यावर ३ ते ६ व्होल्टचा पाण्यात बुडणारा छोटा पंप, पंपाचं प्लस नॅनोच्या ५ व्होल्ट पिनला. पंप अर्धा सेकंद फिरतो, थांबतो, पुन्हा फिरतो. ट्रान्झिस्टरवर बोट ठेववत नाही. पंप चालू असताना सेन्सरचा आकडा ३०-४० ने हलतो. त्यात दोन आठवड्यांत सेन्सरचा एक दाता काळा पडलाय. कोड चुकलाय का?

जळका_डायोड:
कोडला आधी दोष देऊ नका. सेटअपमध्ये (कोडचा सुरुवातीला एकदाच चालणारा भाग) सीरियलवर, म्हणजे लॅपटॉपच्या पडद्यावर, ‘सुरू’ असं छापा. पंप लागला की तो शब्द पुन्हा उमटला, तर बोर्ड रीसेट होतोय हे नक्की.

बीसी५४७ ची कमाल मर्यादा १०० मिलीअँप. असा पंप चालतानाच दीडशे-दोनशे खातो आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. तेवढ्यात ५ व्होल्टची लाइन खाली बसते आणि नॅनो पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

आयआरएलझेड४४एन मॉसफेट (जास्त करंट पेलणारा ट्रान्झिस्टर) घ्या. छापील बाजू समोर धरली की डावीकडून गेट, ड्रेन, सोर्स. डी३ ते गेट २२० ओहम, गेट ते ग्राउंड १० किलोओहम. हा १० किलोओहम गाळू नका: रीसेटच्या वेळी पिन अधांतरी असते आणि पंप मनाने चालू होतो. पंपाच्या दोन टोकांवर १एन४००७ डायोड, पट्टी प्लसकडे. उलटा लावलात तर पंप लागताच सप्लाय शॉर्ट. पंपाच्या दोन टोकांवर १०० नॅनोफॅरॅडचा सिरॅमिक कपॅसिटर, मोटरच्या ब्रशचा विद्युत गोंगाट तिथेच दबतो.

पंपाला मोबाइलचा ५ व्होल्ट, २ अँपचा वेगळा चार्जर द्या आणि दोन्हींचे ग्राउंड जोडा. ते जोडायचं राहिलं तर गेटला संदर्भच मिळत नाही; निम्मे लोक इथेच अडकतात.

ओहमचा_नियम:
आकडा हलण्याचं कारण ग्राउंडची वायर. पंपाचा २०० मिलीअँप करंट सेन्सरच्याच बारीक जंपर वायरमधून परत येत असेल आणि जंपर व ब्रेडबोर्डच्या क्लिपा मिळून अर्धा ओहम धरला, तर ०.१ व्होल्ट तिथेच पडतो. एडीसीची (व्होल्टेजचा आकडा करणारा नॅनोचा भाग) एक पायरी साधारण ४.९ मिलीव्होल्टची, म्हणजे २० पायऱ्या गेल्या. पंपाचं ग्राउंड थेट चार्जरपर्यंत न्या आणि वाचन पंप बंद असतानाच घ्या.

काळा दाता म्हणजे विद्युत-अपघटन. सतत डीसी दिल्यावर प्लसकडचं तांबं मातीत जातं. सेन्सरचं व्हीसीसी (प्लस) डी७ ला जोडा. पिन हाय करा, ५० मिलिसेकंद थांबा, वाचा, लो करा. तासाला एकदा पुरे, माती काही मिनिटाला वाळत नाही. खरं तर कपॅसिटिव्ह सेन्सरच घ्यावा. त्यात धातू उघडा नसतो, मात्र पट्टीच्या कापलेल्या कडा नेलपॉलिशने बंद करा, नाहीतर पाणी आत झिरपतं. ओल वाढली की त्याचा आकडा उतरतो.

कुंडीतलं_रोप:
दुकानात आयआरएफझेड४४एन मिळाला, चालेल? आणि पंप किती वेळ चालवू?

जळका_डायोड:
‘एल’ नसलेला तो भाऊ गेटवर १० व्होल्ट मिळाले तरच पूर्ण उघडतो. ५ वर एवढासा पंप कदाचित फिरेलही, पण भरवसा नाही. बदलून आणा.

वेळेसाठी कोड थांबवून ठेवणारा डिले नको, बोर्ड सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद सांगणारं मिलिस वापरा, आणि व्हेरिएबल अनसाइन्ड लाँग ठेवा. नॅनोवर इंट (साधा पूर्णांक) ३२,७६७ ला संपतो, म्हणजे ३३ सेकंदही पुरत नाही. ५ सेकंद पंप, मग पाणी मुरायला १० मिनिटं, मग नवं वाचन. चालू आणि बंद करायचे आकडे वेगळे ठेवा, समजा ६०० ला चालू, ४५० ला बंद. एकच ठेवला तर पंप सीमेवर फडफडत राहतो. आकडे आपल्या मातीत सेन्सर खोचूनच ठरवा. सलग सहा खेपांनंतरही ओल दिसली नाही तर पंप कायमचा बंद आणि एलईडी चालू: बादली रिकामी असेल किंवा सेन्सर सुटला असेल. हे पंप कोरडे फिरले की लवकर जातात.

ओहमचा_नियम:
बादली कुंडीपेक्षा खाली ठेवा. वर असेल तर पंप बंद झाल्यावरही नळीतून पाणी ओढलं जातं, आणि लोक रात्रभर कोड तपासत बसतात. वरच ठेवायची असेल तर नळीच्या सर्वांत उंच जागी, बादलीच्या तोंडावर, सुईने एक भोक पाडा.