मदत हवी आहे: चार तुकड्यांच्या फ्लाय रॉडचा मधला जोड सुटतोय

मंडळी, गळ टाकणारे इथे भरपूर आहेत, फ्लायवाले (पिसा-दोऱ्याची खोटी माशी टाकून मासे धरणारे) हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच असतील. तरी विचारून बघतो.

रॉड कार्बनचा, नऊ फुटी, पाच नंबरच्या लाइनचा (दोरीच्या वजनाचा नंबर), चार तुकड्यांचा. मावसभावाने इंग्लंडमध्ये वापरलेलाच विकत घेऊन पाठवला, त्यामुळे वॉरंटीचा विषयच नाही. मी परभणीचा. येलदरी धरणाच्या उथळ पाण्यात चिलापीसाठी वापरतो. (तिथल्या मच्छीमार संस्थेला विचारूनच जातो, त्यावरून इथे वाद नको.)

त्रास असा आहे: थोडे कास्ट (लाइन फेकणं) ठीक जातात. मग रॉड मागे नेताना ‘टक’ असा बारीक आवाज येतो, तो कानापेक्षा मुठीत जास्त जाणवतो. बघावं तर वरच्या दोन तुकड्यांच्या, लाइन ओवायच्या कड्या खालच्या कड्यांच्या रेषेत नसतात. पुन्हा दाबून बसवला की थोड्या वेळाने तेच. परवा तर वरचा अर्धा रॉड सरळ पाण्यात गेला. लाइन कड्यांतून ओवलेली होती म्हणून हाती लागला, नाहीतर गेलाच होता.

या रॉडचे तुकडे थेट एकमेकांवर चढत नाहीत. खालच्या तुकड्याच्या तोंडातून एक वेगळी निमुळती काडी बाहेर आलेली आहे, तिच्यावर वरचा तुकडा बसतो. वरच्या आणि खालच्या जोडात बसवल्यावर पाच-सहा मिलिमीटर फट राहते, त्यातून काडी दिसते. मधल्या जोडात फटच नाही, कडेला कड भिडते.

काडी आणि तोंड स्पिरिटने पुसून घेतलं, कापसाला काळ्या मातीची बारीक भुकटी लागली. मेणबत्तीचं मेण चोळून पाहिलं. सकाळी बरं चालतं, ऊन चढलं की मऊ पडतं आणि जोड उलट जास्तच सरकतो. परभणीचं मे महिन्यातलं ऊन काय असतं ते सांगायला नको.

ओळखीचा लेथवाला म्हणतो, “आणा इकडं, पितळी बुश मारून देतो. बैल लावून ओढा, सुटायचा न्हाई.” (बुश म्हणजे जोडात बसवायची नळी.) हात चांगला आहे त्याचा, पण कार्बनवर पितळ? एक मित्र म्हणतो नळाची टेफ्लॉन टेप गुंडाळ. जाणकारांनी सांगावं, यातलं काय करावं? की रॉड टांगून ठेवावा भिंतीला?

प्रतिसाद (नांदेड):
दादा, बुश अजिबात नको. मासा ओढतो तेव्हा जोडालाही वाकावं लागतं. पितळ वाकत नाही, मग त्याच्या कडेला सगळा ताण एकवटतो आणि कार्बन तिथेच तुटतो.

तुमच्या जोडाला स्पिगॉट म्हणतात. ती फट दोष नाही, मुद्दाम ठेवलेली असते. काडी निमुळती असल्यामुळे झिजेल तसा वरचा तुकडा थोडा थोडा खाली उतरतो आणि तरीही घट्ट बसतो. फट संपली की कड कडेवर टेकते, आणखी उतरायला जागा राहत नाही. मग कितीही दाबा, पकड येणार नाही. मेण टिकत नाही त्याचंही मूळ हेच.

पण आधी चीर बघा, बाकी सगळं नंतर. वरच्या तुकड्याच्या तोंडाशी दोऱ्याची गुंडाळी असते ना, तिथे मोबाइलचा टॉर्च तिरपा धरा. रॉडच्या लांबीच्या दिशेने केसासारखी उभी रेघ दिसली, तर तो तुकडा वापरायचा नाही. ढिल्या जोडाने कास्ट करत राहिलं की हेच तोंड उभं फाटतं, म्हणून तोवर पाण्यावर नेऊ नका.

धागालेखक:
भिंग लावून पाहिलं. उभी रेघ कुठेच नाही. गुंडाळीवरच्या वार्निशला एक आडवी भेग आहे, पण ती वरवरचीच दिसते.

प्रतिसाद (लातूर):
मग वाचला तुमचा रॉड. नांदेडच्या भाऊंना +१.

आता काडीवर शिसपेन्सिल हलकी घासा, जोड बसवा, काढा. शिसं कुठे पुसलं गेलं ते बघा. सगळीकडे सारखं पुसलं असेल तर झीज सरळ आहे, घरी जमेल. एकाच बाजूला पुसलं असेल तर काडी अंडाकृती झिजली आहे. मग घरी खेळत बसू नका, रॉड बांधणाऱ्या माणसाकडे द्या.

सरळ असेल तर शिसं पुसून काडीवर पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ हात मारा. एक दिवस पूर्ण वाळू द्या. ओलं असताना बसवलं तर जोड कायमचा चिकटेल. फट किती आली ते बघा, कमी वाटली तर दुसरा हात. तीन-चार मिलिमीटर आली की थांबा. कुठे उंचवटा राहिला तर दोन हजार नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात बुडवून हलका फिरवा. कार्बनची भुकटी नाकात जाऊ द्यायची नसते, म्हणून कोरडा घासायचा नाही. हे कायमचं काम नाही, झिजलं की परत करावं लागेल.

दुसरा उपाय म्हणजे वरच्या तुकड्याचं तोंड तीन-चार मिलिमीटर कापून फट परत मिळवायची. तो पक्का आहे, पण तोंड फाटू नये म्हणून जी गुंडाळी असते तीच त्यात कापली जाते. नवा दोरा गुंडाळून त्यावर इपॉक्सी द्यावं लागतं. सवय नसेल तर या वाटेला जाऊ नका.

टेफ्लॉन टेपला चुण्या पडतात, पकड एकसारखी येत नाही. फेव्हिक्विकचं नावच काढू नका, तो रॉड परत पिशवीत जाणार नाही.

अवांतर: बसवताना कड्या पाव वळसा बाजूला ठेवून सरकवा आणि शेवटी पिळून रेषेत आणा. काढताना कड्यांना धरून पिळू नका. आणि कार्बनमधून वीज वाहते, काठावरून तारा गेल्या असतील तिथे कास्ट नको.

धागालेखक:
शिसं सगळीकडे सारखंच पुसलं गेलंय! दोघांचेही आभार. लेथवाल्याला नाही म्हणून सांगितलं, तो जरा फुगलाय. एक शंका: घरात लेकीची नेलपॉलिश आहे, पण ती चमकीची. चालेल?

प्रतिसाद (लातूर):
चमकी नको, तिचे कण मध्ये अडकतात. बांगडीवाल्याकडे साधी पारदर्शक मिळेल.