मदत हवी आहे : नर नसलेल्या ट्रायकोग्रामाची प्रजाती कशी ठरवावी?

नमस्कार. उसावरील खोडकिड्याच्या अंड्यांतून निघालेल्या ट्रायकोग्रामाची (इतर किडींच्या अंड्यांत वाढणारी परजीवी गांधीलमाशी) प्रजाती ठरवण्यासाठी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या या कीटकाच्या माद्या सूक्ष्मदर्शकाखाली जवळपास सारख्याच दिसतात. नराच्या जननेंद्रियाच्या रचनेचे महत्त्व नागरकट्टी आणि नागराजा या कीटकशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये दाखवून दिल्यापासून ओळख प्रामुख्याने त्या रचनेवरून पटवली जाते. माझ्याकडे मात्र पिढ्यानपिढ्या माद्याच निपजत आहेत आणि नराच्या मिशांवर असतात तसे लांब केस एकीलाही नाहीत, तेव्हा नराशिवाय फक्त माद्याच निपजायला लावणाऱ्या वोल्बाकिया जिवाणूचा संसर्ग असावा. शेजारच्या शेतात ट्रायकोकार्डे (ट्रायकोग्रामा वाढत असलेली अंडी चिकटवलेली कार्डे) लावली होती, म्हणून ही त्यांतील नेहमीची ट्रायकोग्रामा कायलोनिस प्रजातीच असेल, असे गृहीत धरणे मला पटत नाही.

वोल्बाकिया आईकडूनच पुढे जातो आणि त्याच्याबरोबर पेशीतील मायटोकाँड्रियाही पसरतात, त्यामुळे केवळ मायटोकाँड्रियातील सीओआय जनुकावर विसंबण्याऐवजी पेशीकेंद्रकातील डीएनएचा आयटीएस-२ हा भाग तपासण्याचा विचार आहे. त्यासाठी एकाच मादीचा डीएनए शरीर न चिरडता काढून, उरलेले कवच स्लाइडवर जतन करण्याची खात्रीची पद्धत कोणी सांगू शकेल का? तसेच वोल्बाकिया मारण्यासाठी मधातून टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक देऊन नर मिळवलेल्यांनी औषधाचे प्रमाण कळवल्यास आभारी राहीन.