प्रार्थनेने लाट थांबली म्हणता, मग बुडालेल्या मुलांचं काय?

शास्त्रपाठवाला:
काल एक पोस्ट फिरत फिरत माझ्याकडे आली आणि तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही, म्हणून जरा लांबलचक लिहितोय. गोष्ट २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीची. श्रीलंकेत बट्टिकलोआजवळ नावलडीला समुद्र आणि खाडी यांच्या मधल्या पट्ट्यात एक ख्रिस्ती अनाथालय होतं. संचालकांनी २८ मुलांना एका होडीत भरलं, लाट मागे येताना दिसली तेव्हा येशूच्या नावाने तिला थांबायची आज्ञा केली, आणि मुलं पलीकडे सुखरूप पोचली. इथपर्यंत माझी काहीच तक्रार नाही. मी विश्वासणारा माणूस आहे, त्या होडीत असतो तर मीही तेच ओरडलो असतो.

पण पोस्टमध्ये शेवटी जोडलंय की जिथे गुडघे टेकले गेले तिथे लाट थांबली आणि जिथे टेकले नाहीत तिथे काय झालं ते बघा. हे वाचून संताप झाला. श्रीलंकेत तीस हजारांवर माणसं गेली, त्यात त्याच किनाऱ्यावरची किती लेकरं असतील. त्यांच्या आया प्रार्थना करत नव्हत्या? आणि गॅल्व्हेस्टन कुठे बसवणार? ८ सप्टेंबर १९००, अमेरिकेत टेक्सासचा किनारा, समुद्री चक्रीवादळ, कॅथलिक सिस्टर्सचं सेंट मेरीज अनाथालय, ९३ मुलं आणि १० सिस्टर. पाणी चढायला लागल्यावर सगळ्या मुलांना मजबूत इमारतीत नेलं, मुलं घाबरू नयेत म्हणून मरियेचं स्तोत्र गायला लावलं, कपडे वाळत घालायच्या दोरीचे तुकडे करून प्रत्येक सिस्टरने मुलांना स्वतःच्या कमरेला बांधून घेतलं. तीन मोठे मुलगे एका झाडाला धरून वाचले. बाकी सगळे गेले, सिस्टर दहाच्या दहा. त्यांचा विश्वास कमी पडला असं म्हणायची हिंमत आहे का कुणाची? बायबलात लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज पडून अठरा जण मेले, तेव्हा प्रभूने स्पष्ट विचारलंय की ते काय बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होते का. आपण हा अध्याय उपासनेत वाचतो आणि घरी येऊन असल्या पोस्ट पुढे ढकलतो.

साक्षीवाली ताई:
दादा, शेवटची ओळ चूक आहे, मान्य. पण त्या एका ओळीसाठी तुम्ही अख्ख्या साक्षीवर पाणी ओतताय. ज्याच्यावर गुदरलं तो माणूस सांगतोय ना, की देवाने वाचवलं? मग त्याने काय म्हणायचं, होडीचं इंजिन चांगलं होतं?

मी एका वसतिगृहात पुराच्या रात्री होते. खालच्या मजल्यावर पाणी, लाइट गेलेली, छोट्या मुली वरच्या खोलीत एकमेकींना चिकटून बसलेल्या. एकीने रडायला सुरुवात केली की सगळ्या सुरू. माझे स्वतःचे हात इतके थरथरत होते की टॉर्च धरवत नव्हती. तेव्हा बायबलातलं शेहेचाळिसावं स्तोत्र म्हणायला लागले, देव आमचा आश्रय आहे, पृथ्वी उलथली, पर्वत समुद्रात ढळले तरी भिणार नाही, ते. पाठ होतं म्हणून तोंडातून आलं. दोन-तीनदा म्हटल्यावर मोठ्या मुली साथ द्यायला लागल्या, मग हात थांबले, मग मी पांघरुणं मोजली, हजेरी घेतली, कोण भिजलंय बघितलं. ती प्रार्थना नसती तर मी त्या मुलींच्यातच रडत बसले असते. कोरड्या जागी बसून कुणाच्या विश्वासाचं मोजमाप करणाऱ्यांना हे कळायचं नाही.

शास्त्रपाठवाला:
ताई, तुमच्या त्या रात्रीबद्दल माझं एका शब्दानेही म्हणणं नाही. प्रार्थनेने तुमचे हात थांबले हे मला पटतं. प्रार्थनेने पाणी थांबलं, आणि शेजारच्या वस्तीतल्यांनी केली नाही म्हणून त्यांचं थांबलं नाही, हे पटत नाही. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

हवामानवेडा:
गॅल्व्हेस्टनचं नाव निघालंय तर पुढचंही सांगा की. क्यूबात हवानाला बेलेन नावाची वेधशाळा होती आणि ती चालवायचे जेझुइट, म्हणजे एका कॅथलिक संघाचे फादर. वादळांचा अभ्यास त्यांच्याइतका त्या भागात कुणाचा नव्हता, फादर बेनितो व्हिन्येस यांनी आयुष्य घातलं त्यात. १९०० च्या त्या वादळाबद्दल तिथल्या लोकांचा अंदाज अमेरिकन हवामान खात्यापेक्षा बरोबर निघाला. पण खात्याने त्याआधी क्यूबातून येणाऱ्या वादळाच्या तारांवरच बंदी आणली होती, का तर आमच्यापेक्षा त्यांना काय कळतं. तेच झगे घातलेले लोक रोज मिस्सा करून वायुभारमापक वाचायचे आणि त्यांना त्यात काही विसंगती वाटत नव्हती. २००४ ला तर हिंदी महासागरात इशारा द्यायची यंत्रणाच नव्हती. भूकंपानंतर लाट श्रीलंकेला पोचायला दोन तासांच्या आसपास लागले, दोन तास! एवढ्या वेळात चालत जाऊनसुद्धा माणसं आत सरकली असती. मला प्रार्थनेवर काही बोलायचं नाही, पण मुलांची संस्था अगदी किनाऱ्यावर बांधायची, दोन्हीकडे बांधलेली, आणि मग चमत्काराच्या गोष्टी करायच्या, हे कधी थांबणार?

नुसता वाचक:
१ नोव्हेंबर १७५५, पोर्तुगालमधलं लिस्बन. सर्व संतांचा सण, चर्च खचाखच भरलेली, आणि त्याच सकाळी भूकंप. मग लाट, मग आग. अडीचशे वर्षं झाली यावर लोक डोकं फोडतायत. आपला धागा हे सोडवणार नाही, पण जो देव एका होडीसाठी लाट धरतो आणि भरलेलं चर्च पडू देतो, त्याच्यापुढे मी तरी मुलांना हात जोडायला शिकवणार नाही.

साक्षीवाली ताई:
तुम्हाला कुणी शिकवायला सांगितलंच नाहीये.

फील्डवरची:
एक मिनिट. सगळे लाट आणि देव यातच अडकलेत, मूळ मुद्दा मुलांचा आहे. आपत्तीनंतर जी "अनाथ" मुलं गोळा होतात त्यातली कितीतरी अनाथ नसतात. १२ जानेवारी २०१० ला हैतीमध्ये भूकंप झाला, महिना संपायच्या आत दहा अमेरिकन बॅप्टिस्ट मंडळी ३३ मुलांना बसमध्ये घालून डोमिनिकन रिपब्लिकच्या सीमेवर पोचली. हातात कागद नाहीत. आम्हाला देवाने बोलावलंय असं त्यांचं म्हणणं. अटक झाली, चौकशी झाली, तर बहुतेक मुलांचे आईबाप जिवंत! गरिबीपायी, चांगलं शिक्षण मिळेल या आशेने त्यांनी मुलं देऊन टाकली होती. मला त्या लोकांच्या हेतूवर शंका नाही आणि हेच भयंकर आहे. मनापासून प्रार्थना करून माणूस इतकं चुकीचं काम करू शकतो. देवाने सांगितलं म्हटलं की रजिस्टर कुणी विचारत नाही. मी या कामात आहे, छावणीत सगळ्यात आधी काय करायचं असतं तर मुलाचं नाव, गाव, शेवटी कुणाबरोबर होतं, हे लिहायचं आणि मूल हलवायचं नाही. आत्या, मामा, आजी कुणीतरी शोधत येतंच. एका मुलाला आम्ही असंच थांबवून ठेवलं होतं, एक संस्था न्यायला टपलेली, रोज येऊन त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची. मग त्याची आजी आली. ते मूल त्यांनी नेलं असतं तर ती म्हातारी कुठे शोधत फिरली असती?

बोर्डिंगमधली:
फील्डवरची ताई, तुम्ही सगळ्यांना एकाच दावणीला बांधताय. मी मिशनच्या बोर्डिंगमध्ये वाढले. आई होती, पण मला सांभाळायच्या स्थितीत नव्हती. दर सुट्टीत मला तिच्याकडे पाठवायचे, पत्रं लिहून घ्यायचे. सगळे मुलं पळवणारेच असतात असा सूर लावू नका. आणि पंडिता रमाबाईंचं काय म्हणाल? १८९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात स्वतः फिरून तीनशेच्या आसपास मुली-बायका आणल्या त्यांनी, केडगावला. तेव्हा कुठली समिती होती आणि कुठलं रजिस्टर? त्यांचे स्वतःचे आईवडील असेच उपाशी गेले होते, त्यांना त्या मुलींच्या डोळ्यांत काय दिसलं असेल विचार करा. थांबल्या असत्या तर मुली मेल्या असत्या, नाहीतर दलालांच्या हाती लागल्या असत्या.

जुना पुणेकर:
आणल्या, मग ख्रिस्ती केल्या. तेही सांगा. १८९३ ला त्यांच्या शारदा सदनावरून, म्हणजे पुण्यातल्या विधवांच्या आश्रमशाळेवरून, काय वादळ उठलं होतं, केसरीने काय काय लिहिलं, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून का बाहेर पडले, हे वाचा जरा. उपाशी पोराला भाकरी देताना पलीकडच्या हातात धर्म असेल तर त्या पोराने नाही कसं म्हणायचं?

बोर्डिंगमधली:
वाचलंय सगळं, काका. ज्या टीकाकारांना त्या मुलींची एवढी काळजी होती त्यांनी दुष्काळात किती जणी घरी आणल्या? रमाबाईंनी मुलींना विणकाम शिकवलं, छापखाना शिकवला, रमाबाईंनी केलेल्या मराठी बायबलचे खिळे त्याच मुलींनी जुळवले. विधवा म्हणून कोपऱ्यात टाकलेल्या मुली पगारी काम करू लागल्या. आणि त्या पहाटे उठून प्रार्थना करायच्या म्हणून तुमच्या पोटात दुखतं?

जुना पुणेकर:
पोटात दुखायचा प्रश्न नाही. माझ्या आजोळच्या घराण्यातली एक मुलगी अशीच दुष्काळात गेली आणि पुन्हा कधी नातेवाइकांच्या पंगतीला बसली नाही. वाचली, हे खरं. आमच्याकडून तुटली, हेही खरं.

बोर्डिंगमधली:
पंगतीतून तिला उठवलं कुणी, रमाबाईंनी की तुमच्या घराण्याने?

जुना पुणेकर:
घराण्याने. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण माझा भाकरीचा प्रश्न अजून तिथेच आहे.

फील्डवरची:
काकांचा प्रश्न बरोबर आहे आणि त्याचं उत्तर ख्रिस्ती संस्थांनीच दिलंय. १९९४ ची रेडक्रॉस चळवळीची आचारसंहिता आहे, मदतीचा वापर कुठलंही राजकीय किंवा धार्मिक मत पुढे रेटायला करायचा नाही. ती तयार करणाऱ्यांत कॅरिटास ही कॅथलिक मदतसंस्था होती, जागतिक चर्च परिषद होती. म्हणजे हे बाहेरच्यांनी लादलेलं नाही. आणि मानसिक प्रथमोपचाराच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तिकेत लिहिलंय की संकट का आलं याचे आपले धार्मिक अर्थ समोरच्यावर लादू नका. ज्या मुलाची बहीण वाहून गेली त्याला "देवाची योजना" सांगणारे लोक मी बघितलेत. तो मुलगा मला नंतर विचारत होता की देवाला माझी बहीण कशाला पाहिजे होती. काय उत्तर देणार? बाकी, रमाबाईंच्या काळाला आजचा नियम लावता येणार नाही, एवढं मी बोर्डिंगवाल्या ताईंचं मान्य करते. पण आजचा कुणी रमाबाईंचं नाव घेऊन बस भरत असेल तर ते मान्य नाही.

साक्षीवाली ताई:
"देवाची योजना" मीही मुलांना सांगत नाही. बायबलातल्या दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री काही न बोलता त्याच्याबरोबर जमिनीवर बसले, तेवढंच काय ते त्यांनी बरं केलं, तोंड उघडलं आणि बिघडलं. पण मूल स्वतः म्हणालं की ताई प्रार्थना करा, तर तुमची पुस्तिका बघत बसू का?

फील्डवरची:
मुलाने मागितली तर करा. कोण अडवतंय. त्याच्या घरी दुसरी प्रार्थना असेल तर ती म्हणू द्या.

साक्षीवाली ताई:
ती दुसरी प्रार्थना मी म्हणणार नाही. म्हणू देईन, जवळ बसेन.

फील्डवरची:
चालेल. एवढंच हवं होतं.

हवामानवेडा:
आणि किनाऱ्यावर बांधणार का पुन्हा?

शास्त्रपाठवाला:
सगळे रमाबाईंवर गेलात, माझी पोस्ट राहिली बाजूला. ताई, मी सकाळी त्या पोस्टवाल्याला फोन केला, ओळखीचा आहे, आमच्याच मंडळीतला. म्हटलं, साक्ष ठेव, शेवटची ओळ काढ. तो म्हणतो ओळ काढली तर साक्षीत दम राहत नाही. बरं, रविवारी तो हीच साक्ष मुलांच्या वर्गात सांगणार आहे, आणि त्या वर्गात एक मुलगा आहे ज्याचा बाप पुरात गेला. मी पाळकांशी बोलणार आहे. तुम्हीही त्याला ओळखता, तुमचं तो ऐकतो.

साक्षीवाली ताई:
त्या मुलाबद्दल मला माहीत नव्हतं. नंबर पाठवा त्याचा, आजच बोलते. पण सांगून ठेवते, साक्ष मी त्याला बंद करायला सांगणार नाही.