मदत हवी आहे : सॅन डिएगोत आईला कोरोनाडोला न्यायचंय

आई-बाबा सध्या आमच्याकडे सॅन डिएगोला आहेत. येत्या बुधवारी दुपारी त्यांना खाडीपलीकडच्या कोरोनाडो गावातलं, समुद्रकिनाऱ्यावरचं हॉटेल देल कोरोनाडो दाखवायचंय. 1888 सालची ती लाल छपरांची अवाढव्य लाकडी इमारत फोटोत पाहिल्यापासून आई रोज तिचं नाव काढतेय.

अडचण गुडघ्यांची. दोन्हींचं ऑपरेशन झालंय. सपाट रस्त्यावर काठी घेऊन दहा मिनिटं आरामात चालते, पण वाळूत काठी रुतते आणि ती घाबरते. शिवाय तिथला किनारा चांगलाच रुंद आहे, पाणी बरंच लांब. त्या वाळूत अभ्रकाचे कण असतात, उन्हात सोन्यासारखे चमकतात. ते तिला हातात घेऊन बघायचेत, आणि पाय पाण्यात बुडवायचेत. एवढंच मागणं आहे तिचं.

गाडी आहे, पण बाबांना बोटीनं जायचंय. म्हणून ब्रॉडवे पिअरहून फेरी, पुढे 904 नंबरची बस असं ठरवलंय. हॉटेलात राहणार नाही, फक्त चहा-कॉफी. दोघंही शाकाहारी, अंडंही चालत नाही; डबा घरूनच नेऊ. जीवरक्षकांच्या टॉवरवर वाळूत चालणारी, जाड चाकांची व्हीलचेअर मिळते असं वाचलंय. आईची तिला तयारी आहे.

वयस्कर माणसांना घेऊन नुकतंच कुणी गेलं असेल तर कृपया सांगा : ती खुर्ची दुपारी मिळते का, की सकाळीच जाऊन घ्यावी लागते? आणि बसमधून उतरल्यावर टॉवरपर्यंत पायऱ्या आणि वाळू टाळून जाता येतं का?