इंजिनिअरिंगच्या कॅप फेऱ्यांचा (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा) ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांची पसंती-यादी: ९१ पर्सेंटाइलला किती आणि कोणती कॉलेजं टाकावीत?

चोपड्याचे_पालक
मुलाला सीईटीत ९१.४ पर्सेंटाइल, ओबीसी. दहावी चोपड्याला, बारावी नाशिकहून. कॉम्प्युटरच हवंय. त्याने आठच नावं काढलीत: पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय, पुण्याचं पीआयसीटी आणि त्याच पट्टीतली. एवढी पुरतील का? जळगाव विद्यापीठाचा होम कोटा तर मिळेल ना?

तापीकाठ
नाही मिळणार, भाऊ. होम युनिव्हर्सिटी बारावी कुठून पास झाली त्यावर ठरते, घरच्या पत्त्यावर नाही. नाशिक पुणे विद्यापीठात येतं. म्हणून पुणे-नाशिक-नगरच्या विद्यापीठ कोट्यात तो होमचा, आणि जळगाव-धुळे-नंदुरबारमध्ये बाहेरचा. होमला ७० टक्के जागा, बाहेरच्यांना ३०.

कटऑफच्या पीडीएफमध्ये ओळ नीट बघा. प्रवर्गाच्या कोडचं शेवटचं अक्षर एच म्हणजे होम, ओ म्हणजे बाहेरचे, एस म्हणजे राज्यस्तर. सुरुवातीला एल असेल तर ती मुलींची जागा, तुम्ही जीने सुरू होणारा कोड बघायचा. मेरिट नंबर दरवर्षी हलतो, म्हणून कंसातल्या पर्सेंटाइलशी तुलना करा. सीओईपी-व्हीजेटीआयचं कॉम्प्युटर ओबीसीतही ९९च्या वर बंद होतं. आठही अशीच असतील तर फॉर्म भरून हाती काही लागणार नाही.

शहादेकर
यादी ३०-४० पर्यायांची करा, मर्यादा ३०० आहे. पाच-सात गेल्या वर्षी ९२ ते ९५ला बंद झालेले, पंधरा-वीस ८८ ते ९२चे, उरलेले ८५च्या खालचे. नाशिकची कॉलेजं होमच्या ओळीत बघा, शिरपूरचं आर. सी. पटेल आणि जळगावचं शासकीय त्याला लागू होणाऱ्या ओळीत. आयटी, एआय-डेटा सायन्स या शाखांचे पर्याय-कोड वेगळे, कटऑफही वेगळे. नुसतं कॉम्प्युटर टाकलं की हे सगळे हातचे जातात. उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर टीएफडब्ल्यूएसचा (शिक्षण शुल्क माफीच्या जागेचा) टीने संपणारा कोड त्याच शाखेच्या साध्या कोडच्या वर ठेवा. तो आपोआप धरला जात नाही.

वरचं अवघड कॉलेज आधी टाकल्याने खालच्याची संधी कमी होत नाही. धोका आहे तो ऑटो-फ्रीझचा. २०२५-२६ पासून चार फेऱ्या आहेत. पहिलीत पहिला पर्याय, दुसरीत पहिल्या तीनपैकी, तिसरीत पहिल्या सहापैकी कोणताही लागला की तो घ्यावाच लागतो. नाकारला तर पुढच्या कॅप फेऱ्या बंद. म्हणून ‘सेफ’ म्हणून एखादं नको असलेलं कॉलेज पहिल्या सहात घुसवू नका. गावाजवळचं असलं तरी.

चोपड्याचे_पालक
म्हणजे यादी नव्यानेच करतो. कागदांचं काय?

तापीकाठ
नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्राची तारीख आजच बघा. २०२५-२६च्या प्रवेशाला ३१ मार्च २०२६ पर्यंत वैध असलेलं लागत होतं, पुढेही त्याच हिशोबाने धरा. ते किंवा जात पडताळणी राहिली तर मुलगा ओपनमध्ये जातो, आणि मग वरचे सगळे आकडे जी-ओपनच्या (खुल्या प्रवर्गाच्या) ओळीतून पुन्हा काढावे लागतील.