कालचे ‘चार बदाम’ का बुडाले?

ए-२०१ आबा: कालचा ब्रिजचा शेवटचा डाव रात्रभर डोक्यात होता. पावसाने लाइट घालवले आणि सगळे हॉलमधून उठले, म्हणून बोलायचं राहिलं. दादा, चार बदाम, म्हणजे बदाम हुकूम धरून दहा हात, होत होते हो.

बी-१०४ दादा: आबा, किल्वरची राणी कुणाकडे हाच प्रश्न होता. डमीत, म्हणजे तुमच्या उघड्या पानांत, राजा-गुलाम, माझ्याकडे एक्का-दश्शी. फिनेस (राणीला चकवून खालच्या पानाने हात घेणं) दोन्हीकडून घेता येत होता. निम्मे-निम्मे चान्स. काकूंकडे धरली, ताईंकडे निघाली.

ए-२०१ आबा: निम्मे-निम्मे नव्हते. काकूंनी ‘टू स्पेड’ने डाव उघडला तेव्हाच निम्मी पानं सांगून टाकली होती. आमच्यात वीक टू, म्हणजे कमकुवत हातावर दोनाची बोली, याचा अर्थ त्या रंगाची सहा पानं आणि सहा ते दहा पॉइंट (एक्का चार, राजा तीन, राणी दोन). आता मोज. त्यांनी इस्पिकचा एक्का आणि राजा वाजवला, सात झाले. तिसरं इस्पिक तू डमीतल्या बदाम एक्क्याने मारलंस, ते फार छान केलंस, कारण ताईंचंही इस्पिक संपलं होतं. मग हुकूम काढलेस. चौकटचा एक्का घेऊन पंजी खेळलास, त्यावर काकूंचा राजा पडला. दहा! वर किल्वरची राणी असती तर बारा पॉइंट आणि सहा इस्पिक घेऊन काकू ‘वन स्पेड’ बोलल्या असत्या. म्हणजे राणी ताईंकडेच. डमीतून दुर्री खेळायची आणि हातातून दश्शी घालायची.

सी-३०२ ताई: राणी माझ्याकडेच होती, आणि मी जीव मुठीत धरून बसले होते 🙂

ए-२०१ आबा: आणि पॉइंट मोजायचे राहिले तरी पानं मोजता येतात. इस्पिक काकूंकडे सहा, ताईंकडे दोन. म्हणजे बाकीच्या पानांसाठी काकूंकडे सात जागा आणि ताईंकडे अकरा. एखादं हरवलेलं पान ताईंकडे असण्याची शक्यता ११ ला ७. वीक बोलीनंतर खेळणाऱ्याने पहिली गोष्ट ही करावी, माझा यावर फार जीव आहे.

ए-१०३ वहिनी: पण मग काकूंनी एवढं सांगायचंच कशाला? दहा पॉइंटवर गप्प बसल्या असत्या तर दादा भावजींना काही कळलं नसतं.

बी-२०२ काकू: अगं, गप्प बसले असते तर आबा आरामात ‘वन क्लब’ने उघडून सावकाश रस्ता शोधत गेले असते. मी दोनावर गेल्यावर त्यांना डबल (पार्टनरला बोलायला लावणारी बोली) द्यावा लागला आणि दादांना एकदम चारावर उडी. कधी ती उडी चुकते, कधी स्लॅम (बारा-तेरा हातांची बोली) हुकतो. आणि काल आम्ही व्हल्नरेबल (बक्षीस आणि दंड दोन्ही मोठे असलेली बाजू) नव्हतो, तुम्ही होतात. तुमचे चार बदाम झाले तर ६२० गुण. आमच्या बोलीवर दंड वाढवणारा डबल लागून आम्ही तीन हातांनी बुडालो तरी ५००. आम्ही व्हल्नरेबल असतो तर तेच ८००, मग मी दहादा विचार केला असता.

सी-३०२ ताई: मला इस्पिकची दोनच होती म्हणून पास केलं. तीन असती तर?

ए-२०१ आबा: मी डबल दिला की नाही हे न बघता ‘थ्री स्पेड’. तिथे पॉइंट बघायचे नाहीत, हुकूम बघायचे. सहा आणि तीन नऊ, म्हणून नऊ हातांची बोली. चार पानं असती तर सरळ चार. ज्याँ-रेने व्हेर्न या फ्रेंच माणसाने १९६९ मध्ये हे गणित इंग्रजीत मांडलं आणि त्यानंतर लोक अशा बोली बेधडक उचलू लागले. ‘टू नोट्रंप’ने विचारपूस फक्त गेमची (इस्पिकात दहा हातांची) आशा असेल तेव्हाच. आणि काकू वीक बोलल्यावर पुन्हा स्वतःहून बोलणार नाहीत. त्यांनी सांगायचं ते सांगून झालंय, पुढचा निर्णय तुमचा.

ए-१०३ वहिनी: मग आबा, हे बघा. मला परवा आलेली पानं: इस्पिकची राणी आणि खाली पाच बारीक पानं, बाहेर बदामचा आणि चौकटचा एक्का. दहा पॉइंट, सहा इस्पिक. वीक टू?

ए-२०१ आबा: नाही. बोलीत पहिल्या-दुसऱ्या जागेवरून पास. पॉइंट दहा आहेत पण बहुतेक सगळं बाहेर आहे. इस्पिकात राणीशिवाय काहीच नाही आणि दोन एक्के समोरच्याचा गेम पाडायला कामाचे. वर ताईंसारखी पार्टनर तुमच्या बोलीवर भरवसा ठेवून इस्पिक लीड करेल (डावाचं पहिलं पान म्हणून खेळेल) आणि समोरच्याला एक हात फुकट जाईल. गणपतीच्या जागरणाला तुम्ही माझ्या समोर बसा, चार-पाच डाव फक्त वीक टूचेच वाटून खेळू.