मदत हवी आहे: बोक्याच्या रक्तात परजीवी. डॉक्सी की इमिडोकार्ब?

बांधावरचा:
बोका, वय ४, वजन ३.६ किलो. चार दिवस खाणं बंद, ताप १०४, हिरड्या पांढऱ्याफटक, पीसीव्ही (रक्तातल्या लाल पेशींचं टक्केवारीतलं प्रमाण) १४. रिपोर्टवर एवढंच: 'रक्तात परजीवी, बहुधा हिमोप्रोटोझोआ' (म्हणजे रक्तातले एकपेशी परजीवी). पिसवा भरपूर, गोचीड एकही नाही. बांधावर बाऊल (रानमांजर) फिरते, तिच्याकडून आलं असेल का? आणि औषध कोणतं, डॉक्सी (डॉक्सिसायक्लिन, जिवाणूंवरचं अँटिबायोटिक) की इमिडोकार्ब (बबेसियासारख्या रक्तातल्या परजीवींवरचं औषध)?

काचपट्टी:
'परजीवी' हे काही नाव नव्हे. ठिपके लाल पेशीच्या आत आहेत की पृष्ठभागावर चिकटलेत, ते विचारा. आत असतील तर बबेसिया किंवा सायटॉक्सझून हे एकपेशी परजीवी, गोचिडीचे उद्योग. वर चिकटलेले असतील तर मायकोप्लाझ्मा हिमोफेलिस. जुनं नाव हिमोबार्टोनेला, खरं तर तो जिवाणूच, म्हणून डॉक्सीला दबतो. तुमची लक्षणं त्याचीच वाटतात.

स्मिअरवर (काचपट्टीवर पसरून तपासलेल्या रक्तावर) फार विसंबू नका. ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) नळीत रक्त पडून राहिलं की हे जंतू पेशींवरून सुटतात, आणि स्टेनचे (पट्टी रंगवायच्या रंगाचे) कण हुबेहूब तसेच दिसतात. ताज्या रक्ताची पट्टी करून घ्या. पीसीआरचं (जंतूचा डीएनए शोधणाऱ्या तपासणीचं) रक्त डॉक्सीच्या पहिल्या डोसआधी काढा, पण रिपोर्टसाठी औषध थांबवू नका.

औषधपेटी:
डॉक्सी दिवसाला किलोमागे १० मिग्रॅ, म्हणजे ३६ मिग्रॅ. १८-१८ असं दोनदा, ३ ते ४ आठवडे. ताप उतरला म्हणून सोडायचं नाही. गोळी कोरडी दिली की अन्ननलिकेत अडकून भाजते, पुढे नळी आकसते आणि खाल्लेलं परत येतं. मागोमाग सिरिंजने ५-६ मिली पाणी पाजाच. दुधातून नको, कॅल्शियम औषध बांधून ठेवतं.

इमिडोकार्ब आंधळेपणाने नको. दक्षिण आफ्रिकेतल्या बबेसिया फेलिसवरही ते भरवशाचं नाही. तिथे प्रायमाक्विन वापरतात, आणि त्याची मात्रा थोडी जास्त झाली तरी मांजर जातं.

पीसीव्ही १४ म्हणजे रक्त चढवायची तयारी हवी. आधी रक्तगट! बी गटाच्या मांजराला ए गटाचं थोडंसं रक्तही जीवघेणं ठरतं. एफईएलव्ही, एफआयव्ही (मांजरांचे ल्युकेमिया आणि प्रतिकारशक्ती घटवणारे विषाणू) तपासून घ्या. पिसवांसाठी कुत्र्याचे परमेथ्रिनवाले थेंब चुकूनही वापरू नका.

काचपट्टी:
बाऊलीवर आळ नको. मायकोप्लाझ्माचे हे जंतू आयबेरियन लिंक्स (स्पेन-पोर्तुगालमधलं रानमांजर) आणि सेरेंगेटीच्या सिंहांतही सापडलेत, पण तुमच्याकडे आधी संशय पिसवांवर आणि मांजरांच्या भांडणातल्या चाव्यांवर. जंगलात बबेसिया बहुतेक वेळा गुपचूप असतो, दुसरा आजार आला की उसळतो. २०१८ मध्ये गीरच्या दलखाणिया भागात २३ सिंह गेले, तेव्हा डिस्टेंपर (कुत्र्यांत आढळणारा विषाणूजन्य आजार) आणि बबेसिया दोन्ही सापडले होते.

बांधावरचा:
रक्तगट करायला दिलाय. तोवर तापासाठी पाव गोळी पॅरासिटामॉल चालेल?

औषधपेटी:
नाही! मांजराच्या यकृताला ते पचवता येत नाही, उरल्यासुरल्या लाल पेशीही निकामी होतात. दिलं असेल तर किती आणि किती वाजता ते डॉक्टरांना आत्ता फोन करून सांगा; ॲसिटिलसिस्टीन हा उतारा आहे, पण वेळेत हवा. आणि बरा झाला तरी हा बोका रक्तदाता म्हणून बाद, जंतू अंगात राहू शकतो.